बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय? मग या चुका टाळा

बिझनेस क्लासचं तिकीट हातात आलं की माणूस ढिला पडतो. एवढे पैसे मोजलेत, किंवा एवढ्या वर्षांचे पॉइंट्स उडवलेत, आता बाकीचं विमान कंपनी बघून घेईल असं त्याच्या मनात पक्कं बसतं. इकॉनॉमीवाला सीट, बॅग, गेट सगळं तीनतीनदा तपासतो, बिझनेसवाला एकदाही नाही. माझ्या हातून झालेल्या चुका बहुतेक या ढिलाईतूनच झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या तर तिकीट काढतानाच.

‘बिझनेस’ म्हणजे नेमकं काय मिळणार, हे न बघणं

लांबच्या प्रवासाचं तिकीट दोन-तीन टप्प्यांचं असतं आणि ‘बिझनेस’ या शब्दाचा अर्थ टप्प्यागणिक बदलतो. युरोपातल्या छोट्या उड्डाणांत बहुतेक कंपन्यांचा बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त शेजारची सीट रिकामी सोडलेली. दोन तासांसाठी त्याचं काही वाटत नाही. बघायचा तो रात्रीचा, सगळ्यात लांब टप्पा. तिथे कंपनीचं नाव बघून भागत नाही, विमान कोणतं आहे ते बघावं लागतं. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये बिझनेसच्या सीट एका रांगेत १-२-१ अशा आहेत, मधे दोन आइल (येण्याजाण्याच्या वाटा), म्हणजे प्रत्येकाला थेट आइलवर उतरता येतं. त्याच कंपनीच्या जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये त्या २-३-२ आहेत. म्हणजे बिझनेसचं भाडं भरून मधली सीट! आणि खिडकीशी बसलात तर रात्री बाथरूमला जाताना झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे.

‘फ्लॅट’ या शब्दावरही जाऊ नका. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेसमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट आणली आणि मग सगळेच त्या वाटेने गेले, पण काही जुन्या विमानांत अजून तिरकी ‘अँगल्ड फ्लॅट’ सीट सापडते. ती सपाट होते खरी, पण उतारावर. रात्रभर तुम्ही इंचाइंचाने पायांकडे घसरत राहता.

सीट निवडताना दोन गोष्टी बघा. पुढेमागे सरकवलेल्या मांडणीत एका रांगेतली सीट खिडकीला चिकटलेली असते, तर पुढच्या रांगेतली आइलला, त्यामुळे ‘विंडो’ घेऊनही डोकं येण्याजाण्याच्या वाटेवर येऊ शकतं. आणि बऱ्याच सीटमध्ये पाय पुढच्या सीटच्या बाजूच्या अरुंद खोबणीत घालावे लागतात. पहिल्या रांगेत ही जागा बहुधा ऐसपैस असते. बाळाचा पाळणाही बऱ्याचदा तिथेच लावतात आणि जवळच विमानाचं स्वयंपाकघर असतं, पण ती जोखीम पत्करून मी पहिलीच रांग घेतो. उंच माणसाला दुसरा इलाज नाही.

आता भाड्याचं. बिझनेसमध्येही स्वस्त भाडी निघाली आहेत आणि ती नेमकी कशामुळे स्वस्त आहेत ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एमिरेट्सने २०१९ मध्ये ‘स्पेशल’ नावाचं असं भाडं आणलं, त्यात लाउंज, म्हणजे विमानतळावरची आरामात बसायची-जेवायची खास जागा, नव्हतं. कतार एअरवेजच्या ‘लाइट’ भाड्यातही ते धरलेलं नव्हतं. मधे सहा तासांचा थांबा असताना हे लाउंजच्या दारात कळणं फार वाईट. पॉइंट्सवर अपग्रेड घेणाऱ्यांनीही लाउंजचं आधीच विचारून ठेवावं.

लाउंजमध्ये घड्याळ विसरणं

ही माझी खास चूक, म्हणून जरा सविस्तर.

मधल्या थांब्यावर चार तास होते. लाउंजमध्ये शिरलो, अंघोळ केली, जेवलो आणि पाय लांब करून पडलो. फोनवर बघितलं तर उड्डाणाला अजून सव्वा तास. मात्र फोनमध्ये रोमिंग सुरू नव्हतं, त्यामुळे त्याचं घड्याळ जिथून निघालो तिथलीच वेळ दाखवत होतं आणि इथली वेळ तासाभराने पुढे होती. घोषणा होईल म्हणावं, तर तीही नाही, कारण बऱ्याच लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा करतच नाहीत. वायफायचा पासवर्ड विचारायला मी काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी माझा बोर्डिंग पास बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सर, हे गेट बंद होतंय.” पुढची दहा मिनिटं मी पळत होतो. विमानात शिरणारा शेवटचा माणूस मीच. नुकती केलेली अंघोळ पार वाया गेली.

तेव्हापासून लाउंजमध्ये शिरताच मी भिंतीवरचा बोर्ड बघतो आणि स्थानिक वेळेचा गजर लावतो, तोही उड्डाणाच्या नव्हे, बोर्डिंगच्या वेळेचा. लांब उड्डाणाचं बोर्डिंग साधारण पाऊण ते एक तास आधी सुरू होतं आणि गेट पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. मोठ्या विमानतळावर लाउंज ते गेट हेच अंतर पंधरा-वीस मिनिटांचं असू शकतं, कधी मधे छोटी ट्रेनही घ्यावी लागते.

सोबत कोणाला नेणार असाल तर नियम आधी वाचा. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात नुसत्या बिझनेसच्या तिकिटावर फक्त प्रवाशालाच प्रवेश असतो. एक पाहुणा नेता येतो तो गोल्ड सदस्याला, म्हणजे सतत प्रवास करून वरचा दर्जा मिळवलेल्याला. क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या लाउंज पासवर बऱ्याच ठिकाणी उड्डाणाला तीन तासांहून जास्त वेळ असेल तर आत घेत नाहीत आणि गर्दी असली की दारातूनच परत पाठवतात. शॉवर हवा असेल तर शिरल्या शिरल्या नाव नोंदवा. जेवून, पेपर चाळून मग उठलात तर तुमच्या आधी पाच जण असतात. आणि निघताना लाउंजमधली पाण्याची बाटली बॅगेत टाकू नका. गेटजवळ पुन्हा तपासणी असेल तर १०० मिलिलिटरच्या वरचं सगळं तिथेच ठेवावं लागतं.

रात्रीचं सात-आठ तासांचं उड्डाण असेल तर जेवण लाउंजमध्येच उरका, हा माझा ठाम सल्ला. विमानातलं जेवण टेबलक्लॉथपासून गोडापर्यंत दीड-दोन तास चालतं आणि पलंगासाठी मोजलेले पैसे सूप पिण्यात जातात. बसल्याबरोबर क्रूला सांगा, “मला उठवू नका,” आणि सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून लावा. हादरे बसू लागले की क्रू बेल्ट तपासत फिरतात, आत दडलेला बेल्ट बघायला ते तुम्हाला हलवणारच.

फोन सीटमध्ये पडला तर

इथे मात्र गंमत नाही. झोपेत फोन हातातून निसटतो आणि सीटच्या फटीत जातो. पहिली बुद्धी होते ती बटण दाबून सीट सरळ करण्याची. बटणाला हात लावू नका. आतली मोटर आणि लोखंडी सांधे फोन चिरडतात, लिथियम बॅटरी दबली की तापते आणि पेटूही शकते. जागचे हलू नका, दिवा लावून क्रूला बोलवा. ते गाद्या काढून फोन शोधतात, त्यांना त्याचं प्रशिक्षण असतं. पॉवर बँकचे नियमही कडक झाले आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायला बंदी केली. चार्जिंग सीटच्या सॉकेटवरच करा.

सीट अर्ध्यात अडकली तर जोर लावू नका. बऱ्याचदा क्रू तिची वीज बंद करून पुन्हा सुरू करतात, नाहीतर हाताने सरकवायची सोय असते. स्क्रीन गोठला तरी तेच, तुमच्यापुरता तो रीसेट करता येतो. पण हे उतरायच्या अर्ध्या तासापूर्वी नव्हे, पहिल्या तासात सांगा.

दारू बेताने. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. शिवाय आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच.

ऐनवेळी विमान बदललं आणि इकॉनॉमीत बसवलं तर

काउंटरवर भांडून फारसं हाती लागत नाही, कागद लागतात. मूळ तिकीट आणि नवा बोर्डिंग पास दोन्ही जपा आणि कारण लेखी मागून घ्या. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल, किंवा तिथल्या कंपनीच्या विमानाने तिकडे जात असाल, तर २००४ चा नियम २६१ लागू होतो. खालच्या वर्गात बसवल्यास त्या टप्प्याच्या भाड्याचा ठरावीक वाटा सात दिवसांत परत द्यावा लागतो. १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के आणि युरोपीय संघ आणि बाहेरचा देश यांच्यामधल्या ३,५०० किलोमीटरहून लांब उड्डाणाला ७५ टक्के. काउंटरवर घाईने पुढे केलेलं छोट्या रकमेचं व्हाउचर सही करून घेण्याआधी हा आकडा आठवा.

उतरताना एक शेवटची फसगत असते ती कप्प्यांची. या सीटला चपलांचा कप्पा, हेडफोनचा कप्पा, आरशामागचा कप्पा, असं काय काय असतं आणि त्यात काय ठेवलंय ते सकाळी आठवत नाही. माझा वाचायचा चष्मा असाच गेला. आता पासपोर्ट बॅगेत, फोन खिशात, आणि कप्प्यात फक्त पाण्याची बाटली.