सुट्या पानाचा माग काढताना आधी कडा बघा

युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखिताचं सुटं पान हाती आलं की नजर सोनेरी अक्षरांवर खिळते. मालकीचा माग मात्र बहुतेकदा कडेला किंवा मागच्या बाजूला असतो: पेन्सिलीनं लिहिलेला बारीक आकडा, जुनं लेबल, खरवडलेली सही. खरवडलेली शाई अतिनील दिव्याखाली पुष्कळदा वाचता येते. घडीच्या रेघा, शिवणीची भोकं, सरसाचे डाग दिसले, तर ते चर्मपत्राचं, म्हणजे कातड्याचं, पान नंतरच्या एखाद्या पुस्तकाच्या बांधणीत वापरलं गेलं असण्याची दाट शक्यता असते. ते पुस्तक कुठं बांधलं गेलं, हाच मग पहिला धागा. हे डाग पुसायला जाऊ नका, अगदी कळकळीनं सांगतो. पुरावाच नाहीसा होतो.

पानावरच्या ओळी मोजा, मजकुराच्या चौकटीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या ऑटो एगे यांनी कितीतरी हस्तलिखितं सुटी करून पानं विकली. त्या पानांची भावंडं, म्हणजे त्याच हस्तलिखितातली इतर पानं, अभ्यासक अशाच मापांवरून जुळवतात. जुन्या विक्रीच्या नोंदी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शोएनबर्ग डेटाबेसमध्ये आणि सुट्या पानांची छायाचित्रं स्वित्झर्लंडच्या फ्रॅगमेंटेरियम या संकेतस्थळावर मोफत बघता येतात.