टँकरच्या नोंदी आणि पायथन

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टँकरची नोंद दर महिन्याला वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये होते, तीही मराठीत. वर्षाचा हिशेब लावायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं पाथलिब, म्हणजे फाइली-फोल्डर हाताळायचं साधन, घेतलं. त्यातलं ग्लॉब फोल्डरमधल्या फाइली शोधून देतं, पण क्रमाची हमी नाही. क्रम लावणारं सॉर्टेड नुसतं लावलं तर नावं अक्षरं म्हणून जुळवली जातात, आणि १० नंबरची फाइल २ च्या आधी. म्हणून नावातला आकडा इंट (पूर्णांक) करून त्यावर क्रम लावला.

खरी डोकेदुखी विंडोजवर. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, न सांगितल्यामुळे पायथनने तिथलं १२५२ कोडपेज (विंडोजचा जुना अक्षरतक्ता) धरलं आणि पहिल्याच 'टँकर'वर गाडी अडली! चंद्रबिंदूच्या तीन बाइटांपैकी शेवटचा हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ८१, तो त्या कोडपेजात नाहीच. मराठीही सामावणारं 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंग दिलं आणि वाचन सुरळीत झालं. 'सिग' मुद्दाम, कारण काही फाइलींच्या सुरुवातीला नोटपॅडचं बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची अदृश्य खूण, होतं आणि 'सिग' ते काढून टाकतं. ते राहिलं तर पहिली तारीख जुळत नाही.