उत्तर कोरियाच्या सहलीत या चुका टाळा

2020 च्या जानेवारीत उत्तर कोरियाने सीमा बंद केल्या. 2024 मध्ये रशियन पर्यटकांना प्रवेश मिळाला. 2025 च्या फेब्रुवारीत सीमेजवळचं रासोन शहर इतर पर्यटकांसाठी उघडलं आणि काही आठवड्यांतच पुन्हा बंद झालं. तरीही "कधी उघडणार?" असं विचारणारे मला सतत भेटतात. सीमा बंद होण्याआधी मी तीनदा जाऊन आलो, दोनदा गट घेऊन. दरवेळी चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक राजधानी प्योंगयांगमधल्या मान्सू टेकडीवर होते. तिथे किम इल-सुंग आणि किम जोंग-इल या आधीच्या नेत्यांचे प्रचंड कांस्य पुतळे आहेत. फुलं वाहायची, रांगेत उभं राहून वाकायचं, मग फोटो. पुतळा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण यायला हवा. नुसता चेहरा नको, पाय कापलेले नकोत, आणि पुतळ्याची नक्कल तर मुळीच नको. हे सगळं गाईड बसमध्येच सांगते. तरीही आमच्या गटातल्या एका काकांनी बायकोला किम इल-सुंगसारखा हात पुढे करून उभं केलं आणि फोटो काढला. तिथल्या माणसाने ते पाहिलं. काकांना कोणी शब्दानेही बोललं नाही. गाईडला मात्र बाजूला बोलावलं. अर्ध्या तासाने ती परतली तेव्हा चेहरा उतरलेला होता. रात्री ती जेवायला आली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "काल लिहायचं काम होतं." काकांनी माफी मागितली, पण तिने काय लिहून दिलं आणि पुढे तिचं काय झालं, हे मला कधीच कळलं नाही.

तेव्हापासून मी टेकडीवर आधी बराच मागे जातो, दोन्ही पुतळे पायांसकट एका चौकटीत घेतो आणि फोटो तिथेच गाईडला दाखवतो. ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाकतो. सैनिक आणि चालू बांधकामं यांचे फोटो नकोतच. बसमध्ये मी कॅमेरा पिशवीत ठेवतो. खिडकीतून लपूनछपून टिपण्याचा मोह नवख्यांना फार, आणि मला त्याचाच सर्वाधिक राग येतो.

दुसरी चूक म्हणजे गाईडला कोंडीत पकडणं. तीन रात्रींसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच दुपारी 'खरा देश' हवा असतो. मग भर बसमध्ये प्रश्न येतो, "तुम्हाला हे सगळं पटतं का?" गटासोबत गाईड दोन असतात. एकीने काय उत्तर दिलं ते दुसरी ऐकत असते. असल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळणं शक्यच नाही, आणि विचारणारा मात्र धाडस केल्याच्या समाधानात राहतो. मी मुलांची शाळा, आईच्या हातचं किमची, लग्न कसं जमलं, असं विचारतो. प्योंगयांगच्या मेट्रोत खोल उतरणाऱ्या त्या लांबलचक सरकत्या जिन्यावर एका गाईडने मला मुलीच्या अभ्यासाबद्दल जे सांगितलं, तेवढं मोकळं बोलणं मी त्या देशात पुन्हा ऐकलं नाही.

वर्तमानपत्र घडी घालताना नेत्याच्या फोटोवर घडी पडू देऊ नका. ते चुरगळून फेकू तर नकाच. मी ते घेतच नाही.

धार्मिक पुस्तकं आणि दक्षिण कोरियाच्या मालिका फोनमध्येसुद्धा नकोत. 2014 मध्ये एका अमेरिकन पर्यटकाने चोंगजिन शहरातल्या क्लबमध्ये बायबल ठेवलं आणि तो काही महिने कैदेत राहिला.

गाईडशिवाय हॉटेलबाहेर फेरफटका मारायचा नाही. 'जरा कोपऱ्यापर्यंत' सुद्धा नाही.

पैसे युरो, युआन किंवा डॉलरमध्ये न्या, लहान नोटांमध्ये. मोठ्या नोटेला सुटे मिळत नाहीत.

बीजिंगहून जाणारे एक गोष्ट हमखास विसरतात. उत्तर कोरियातून परत चीनमध्ये येणं म्हणजे दुसरा प्रवेश. व्हिसा लागत असेल तर चीनचा व्हिसा दोन प्रवेशांचाच घ्या, आणि सहलीचे पैसे भरण्याआधी घ्या.