सिक्वेन्सिंगचा डेटा हाती आल्यावर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बी.एस्सी.ची मुलं मला हमखास विचारतात, "दादा, बायोइन्फॉर्मेटिक्सला केवढा कॉम्प्युटर लागतो?" बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं. माणसाचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सिक्वेन्सिंगने ३० पट खोलीने (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा) वाचला तर त्या वाचनाच्या झिप केलेल्या फास्टक्यू फायलीही कित्येक दहा जीबी भरतात, म्हणून ही धास्ती. पण शिकायला माणसाचा जीनोम लागत नाही. ई. कोलाय या जिवाणूचा जीनोम सुमारे ४६ लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे. त्याचा डेटा एसआरए या सार्वजनिक साठ्यावर फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर बीडब्ल्यूए या प्रोग्रामने संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना जीनोमवर) जोडता येतो. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या ब्राउझरवर गॅलेक्सी ही असं विश्लेषण ऑनलाइन करू देणारी साइट उघडा.

अवघड भाग पुढे आहे. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं तरी. त्रास होतो तो प्रोग्राम निमूट चालून चुकीचं उत्तर देतो तेव्हा. रीड (वाचलेले डीएनएचे तुकडे) जीआरसीएच३७ वर जोडलेले आणि जनुकांची माहिती जीआरसीएच३८ ची, म्हणजे मानवी संदर्भ जीनोमच्या दोन वेगळ्या आवृत्त्या, असं झालं की जागेचा तोच आकडा भलत्याच जागी बोट दाखवतो. सापडलेल्या बदलांची यादी असलेल्या व्हीसीएफ फायलीत जागांची मोजणी एकपासून, जीनोमचे पट्टे नोंदवणाऱ्या बेड फायलीत शून्यापासून. वाचनाची क्वालिटी क्यू३० म्हणजे हजारात एक चूक, हे पाठ होतं. पण पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, झालेली चूक प्रतींमधून वाढत जाते आणि उत्तम क्वालिटीसकट समोर येते. म्हणून डुप्लिकेट (एकाच तुकड्याच्या प्रती) मार्क करा आणि महत्त्वाचा प्रत्येक बदल आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या प्रोग्रामात डोळ्यांनी बघा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संदर्भ जीनोमपेक्षा वेगळ्या जागा प्रत्येकात ४० ते ५० लाख निघतात. त्यातला आजाराचा बदल शोधताना आपण 'दुर्मीळ' काय ते बघतो, पण नोमॅड या जगभरच्या लोकांतल्या बदलांच्या डेटाबेसमध्ये युरोपीय वंशाचे नमुने जास्त आहेत. तिथे दुर्मीळ दिसलेलं आपल्याकडे सर्रास असू शकतं. इंडिजेन या भारतीय प्रकल्पाचे १,०२९ जीनोम त्यासाठी जरूर पडताळा. शिवाय आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. अशा घरांत आईबापांकडून एकसारखे आलेले लांब पट्टे दिसतात आणि त्यात दोन्ही प्रतींवर सापडलेला बदल लगेच गुन्हेगार वाटतो. आईवडील, आजारी आणि निरोगी भावंडं यांचे नमुने तपासल्याशिवाय तसं लिहू नका. पुरावा अपुरा असेल तर अहवालात 'अर्थ अनिश्चित' असंच लिहा आणि घरच्यांशी बोलणं जेनेटिक काउन्सेलरवर सोपवा.