स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. सरांनी दिवाणाची फळी उचलली, तर खाली पुस्तकांची खोकी. वरच्या प्रतींना ओल लागून पानं फुगली होती, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटलं होतं. ग्रॅच्युइटीतले साठ हजार रुपये देऊन काढलेलं, शाळेतल्या आठवणींचं पुस्तक. पाचशे प्रती छापल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या दोनशे सरांकडे आल्या, तीनशे विक्रीसाठी प्रकाशकाकडे राहिल्या. तीन वर्षांत त्या तीनशेचा हिशेब आलेला नव्हता. आणि श्रेयनामावलीच्या पानावर छापलं होतं: ‘सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन.’

मी बरीच वर्षं मुद्रितं (प्रुफं) तपासतो. अशी खोकी मी कितीतरी घरांत पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटतो. पुस्तक वाईट म्हणून ती पडून असतात असं नाही. पैसे देताना आपण नेमका कुठला व्यवहार करतोय, हेच लेखकाला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

व्यवहार तीन प्रकारचे असतात. पारंपरिक प्रकाशनात खर्च प्रकाशकाचा, धोकाही त्याचाच. लेखक त्याला ठरावीक हक्क देतो आणि मानधन घेतो, बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. स्वयंप्रकाशनात सगळा खर्च लेखकाचा, म्हणून प्रती, हक्क आणि विक्रीचे पैसेही लेखकाचेच. तिसरा प्रकार ‘सहयोगी प्रकाशन’, ‘लेखक सहभाग योजना’ अशा नावांनी चालतो. इंग्रजीत त्याला सबसिडी पब्लिशिंग म्हणतात. सबसिडी म्हटलं की आपल्याला सरकारी अनुदान आठवतं, पण इथे ते अनुदान लेखकाच्या खिशातून जातं.

सगळ्यात महाग चूक: पैसेही द्यायचे आणि हक्कही

सरांचाच हिशेब मांडू. किंमत 250 रुपये, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 25 रुपये. साठ हजार वसूल व्हायला 2,400 प्रती खपायला हव्यात. छापल्या पाचशे, त्यातल्या विक्रीला तीनशे. त्या झाडून सगळ्या खपल्या तरी सरांना मिळणार 7,500 रुपये. हेच पुस्तक तेवढ्याच खर्चात त्यांनी स्वतः काढलं असतं, तर दुकानदाराने 40 टक्के कमिशन घेऊनही प्रतीमागे 150 रुपये हातात आले असते आणि चारशे प्रतींत खर्च निघाला असता. चारशे प्रती खपवणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण पहिल्या व्यवहारात पुस्तक कितीही गाजलं तरी पैसे परत येणार नव्हते, आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होतं.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो. खर्च तुमचा असेल तर हक्क देऊ नका. हक्क मागणाऱ्याला खर्च करू द्या. ‘निम्मा खर्च आमचा’ असं कुणी म्हणालं तर त्या निम्म्याचा तपशील मागा: अक्षरजुळणी किती, मुद्रितशोधन किती, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी किती. 160 पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचा एक, असे दहा फर्मे. तेवढ्याचा दर जवळच्या कुठल्याही छापखान्यात विचारून या. बऱ्याचदा तो ‘निम्मा’ आकडाच पूर्ण खर्चाएवढा किंवा त्याहून जास्त निघतो. छापखान्याचं बिल बघायला मिळेल अशी अटही घाला. त्याशिवाय पाचशे छापल्या की दोनशे, हे कळायला मार्ग नसतो.

पैसे घेणारे सगळेच फसवतात असं मी म्हणणार नाही. घराण्याचा इतिहास, गावाची माहिती, आईच्या ओव्यांचा संग्रह, अशी पुस्तकं शंभर नातेवाइकांच्या हाती जावीत एवढीच इच्छा असते. अशा वेळी स्वच्छ दरपत्रक देणारा, हक्क लेखकाकडेच ठेवणारा माणूस मिळाला तर पैसे देऊन काम करून घेण्यात काही गैर नाही. फक्त त्याला प्रकाशन-सेवा समजा; आपलं पुस्तक ‘निवडलं गेलं’ असं समजू नका.

आयएसबीएनसाठी पैसे मोजणं

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. त्याचे म्हणून वेगळे दोन-तीन हजार लावलेली बिलं मी पाहिली आहेत. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था विनाशुल्क देते आणि लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. थोडी वाट पाहावी लागते, एवढंच. पदोन्नतीसाठी पुस्तक काढणारे प्राध्यापक घाईपोटी इथे हमखास पैसे घालवतात. या क्रमांकाने कॉपीराइट मिळतो हाही गैरसमज. लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा असतो, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं.

स्वयंप्रकाशनातल्या चुका

पहिली म्हणजे हजार प्रतींचा मोह. ऑफसेटवर संख्या वाढली की दर प्रतीचा खर्च उतरतो, म्हणून लोक हजार छापतात आणि नंतर ठेवायला जागा शोधतात. आता डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही निघतात. प्रत थोडी महाग पडते, पण खोकी साचत नाहीत. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर करून मागणी आधी जोखणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे, ती वापरा.

दुसरी चूक संपादक न नेमण्याची. स्वतःची मुद्रितं स्वतः वाचली की डोळा छापलेलं सोडून मनातलंच वाचतो. माझ्या धंद्याचं म्हणून सांगत नाही. ‘दीन’ आणि ‘दिन’ यांतला फरक अर्पणपत्रिकेतच चुकलेला पाहिला आहे.

तिसरी फाइलची. पुष्कळ डीटीपी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत होतं. छपाईला ते चालतं, पण ई-पुस्तक करायची वेळ आली की मजकुराची अक्षरं विस्कटतात. काम देतानाच युनिकोड मजकूर (कुठल्याही संगणकावर नीट दिसणारा) आणि छपाईची पीडीएफ, दोन्ही ताब्यात मिळतील असं लिहून घ्या. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतःला विनाखर्च टाकता येतं. मात्र भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर ‘केडीपी सिलेक्ट’ या अ‍ॅमेझॉनच्याच योजनेत जावं लागतं, आणि मग 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. अट न वाचता लोक बुकगंगासारख्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावरही तेच टाकतात.

आणि छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. 1954 चा कायदा आहे, स्वतः प्रकाशक झालात की ती जबाबदारी तुमची.

पारंपरिक वाट फार लवकर सोडणं

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही की लोक पैसे देऊन मोकळे होतात. सहा महिने थांबायची तयारी ठेवा. कवितासंग्रह न काढणाऱ्या प्रकाशकाकडे कविता पाठवू नका. आधी त्यांची यादी चाळा. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी मराठी लेखकांच्या हस्तलिखितांवर जे कष्ट घेतले, ते या वाटेचं खरं देणं आहे, आणि ते पैसे देऊन सहसा मिळत नाही. नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. आधी तिथे विचारा. ग्रॅच्युइटीला हात त्यानंतर.

आधीच अडकला असाल तर

कागद बाहेर काढा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. सरांची फाइल आम्ही दोघांनी तपासली. तीत पैशांच्या दोन पावत्या होत्या, करार नव्हताच. सरांनी कुठेही सही केली नव्हती. म्हणजे पानावर काहीही छापलेलं असो, हक्क सरांकडेच होते. हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पावत्या पुन्हा वाचल्या.

मग रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं: किती छापल्या, किती विकल्या, किती उरल्या याचा लेखी हिशेब द्या, उरलेल्या प्रती आणि मूळ फाइल पाठवा. असं पत्र लिहिताना तारखा, रकमा आणि उत्तराची मुदत घाला, राग घालू नका. उत्तर आलं नाही तर पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग असतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, म्हणून पत्राला उशीर नको.

सरांना हिशेब अजून मिळालेला नाही. फाइल मात्र आली, श्रीलिपीतली. ती युनिकोडमध्ये घेताना जोडाक्षरं तुटली आहेत, ‘ऱ्या’ आला की शब्द फुटतो. सर रोज संध्याकाळी दहा पानं दुरुस्त करून मला पाठवतात, शाईच्या पेनाने वहीत केलेल्या यादीचा फोटोही सोबत असतो. काल एकशे चारावं पान झालं.