पुन्हा बोलावणे आले तर: निवृत्त सैनिकाने निर्णय कसा घ्यावा

सीमेवर तणाव वाढला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत पारावर बसलेल्या निवृत्त सैनिकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘मेजर, बोलावलं तर परत जाणार का?’ (हुद्दा कोणताही असो, फौजेतून आलेल्या माणसाला आपल्याकडे मेजरच म्हणतात.) बहुतेकांचे उत्तर क्षणात येते, ‘आज निघतो’, आणि ते मनापासून दिलेले असते याबद्दल मला शंका नाही. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान कामी आले. त्या मुलखात हे उत्तर कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही होकारामागे शरीर, कागद आणि घर यांची तयारी नसेल, तर तो पलटणीच्याही उपयोगाचा नसतो आणि कुटुंबाच्याही. म्हणून हा विचार बोलावणे येण्यापूर्वी, शांत डोक्याने करून ठेवावा. तो कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी आपल्यापुरता ‘बोलावणे’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ काय होतो, ते तपासावे. भरतीच्या अटींमध्ये कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष फौजेतली नोकरी) आणि रिझर्व्ह (त्यानंतर गरजेला बोलावता येण्याची मुदत) असे दोन भाग असतात. रिझर्व्हची मुदत शिल्लक असलेल्या जवानाला १८८८ च्या राखीव सैन्यविषयक कायद्याखाली बोलावता येते, आणि तिथे मर्जीचा प्रश्न उरत नाही. आपली मुदत संपली आहे की नाही, याची नोंद डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा सुटताना मिळालेल्या पुस्तकात असते. ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी असेल तर आजच काढावे आणि ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. मित्राची मुदत संपली म्हणून आपलीही संपली, असे गृहीत धरू नये. नोंद समजत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा थेट आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे विचारणा करावी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांसाठी ते बेळगावला आहे, महार रेजिमेंटसाठी सागरला आणि तोफखान्यासाठी नाशिक रोडला. अधिकाऱ्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्यांनी त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात.

रिझर्व्हची मुदत संपलेल्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य निवृत्तांसाठी, बोलावणे हे आवाहन असते. त्याला प्रतिसाद द्यायचा तर वाटा मोजक्याच आहेत, आणि कोणती वाट आपल्याला खुली आहे हे मुख्यतः वयावर ठरते.

पहिली वाट प्रादेशिक सेनेची, म्हणजे नागरी कामधंदा सांभाळून करायच्या अर्धवेळ सेनेची (टेरिटोरियल आर्मी, टीए). ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि आपल्या भागाला सर्वांत जवळची तुकडी म्हणजे कोल्हापूरची १०९ इन्फंट्री बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री. प्रवेशाची वयोमर्यादा साधारणपणे ४२ वर्षे आहे. टीए हे केवळ वार्षिक शिबिरापुरते काम आहे असे समजून कोणी नाव घालू नये. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला सेवेवर बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्यास मान्यता दिली. तिथे सही करणाऱ्याला बोलावणे खरोखरच येऊ शकते. नागरी नोकरीत असलेल्यांना एक दिलासा असा, की टीएच्या सेवेवरून परतल्यावर मूळ नोकरीत पुन्हा घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. याच टीएच्या पर्यावरण बटालियन मुख्यतः माजी सैनिकांमधूनच उभ्या केल्या जातात. छत्रपती संभाजीनगरची १३६ वी बटालियन ही त्यांपैकी एक असून झाडे लावणे आणि ती जगवणे हे तिचे काम आहे. माण-खटावच्या किंवा जतच्या दुष्काळात वाढलेल्या जवानाला हे काम कमी मोलाचे वाटू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दुसरी वाट डिफेन्स सिक्युरिटी कोअरची, अर्थात डीएससीची. प्रत्यक्षात आपल्याकडचे सर्वाधिक लोक याच वाटेचा विचार करतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. डीएससीचे केंद्र केरळमधील कण्णूरला आहे आणि दारूगोळ्याची कोठारे, हवाई तळ, संरक्षण संशोधनाच्या संस्था यांचा पहारा हे तिचे काम आहे. जनरल ड्यूटीसाठी वय ४६ च्या आत, पहिली सेवा सुटून दोन वर्षांहून अधिक खंड नाही, किमान पाच वर्षांची पूर्वसेवा, मेडिकल कॅटेगरी शेप-वन (SHAPE-1, म्हणजे शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीची सर्वांत वरची श्रेणी) आणि चारित्र्याचा शेरा चांगला, अशा तिच्या अटी आहेत. क्लार्कसाठी वय आणि खंड यांत सवलत असते. अर्ज करताना या अटी भरतीच्या चालू जाहिरातीशी ताडून पाहाव्यात. पहिली नेमणूक दहा वर्षांची असते आणि पुढे मुदतवाढ मिळत गेल्यास वयाच्या ५५ पर्यंत सेवा करता येते.

इथे एक साधी वजाबाकी प्रत्येकाने करावी, कारण ती न करता गेलेल्यांची पुढे मोठी निराशा होते. डीएससीची दुसरी पेन्शन मिळण्यासाठी १५ वर्षांची सेवा लागते. चाळिसाव्या वर्षी रुजू झालेल्याची ५५ पर्यंत बरोबर १५ वर्षे भरतात. त्रेचाळिसाव्या वर्षी रुजू झालेल्याची बाराच भरतात. वयाच्या अटीत बसणे आणि पेन्शनला पात्र होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पेन्शन चालू ठेवायची की आधीची सेवा नव्या सेवेत धरायची, याचा विकल्प रुजू होताना द्यावा लागतो. तो फॉर्म इतरांचे पाहून भरू नये. दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत आणि मगच सही करावी.

पैशाहून अवघड बाब हुद्द्याची आहे. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस डीएससीत सहसा शिपाई म्हणूनच रुजू होतो. ज्याने सेक्शन चालवले, पोरांना शिस्त लावली, त्याला पुन्हा हजेरीच्या रांगेत उभे राहावे लागते आणि वयाने धाकट्या माणसाचा हुकूम मानावा लागतो. हे आपल्याला जमेल का, असे स्वतःला विचारावे आणि उत्तर ‘नाही’ आले तर त्यात कमीपणा मानू नये. मात्र हे काम केवळ फाटकावरच्या पहाऱ्याचे आहे, असा समज कोणी बाळगत असेल तर त्याने पठाणकोट आठवावे. २ जानेवारी २०१६ रोजी हवाई तळावरच्या हल्ल्यात डीएससीचे पाच जवान धारातीर्थी पडले. त्यांतले शिपाई जगदीश चंद हातात शस्त्र नसताना एका दहशतवाद्यावर धावून गेले आणि त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले. ते सारे आपल्यासारखे एकदा निवृत्त होऊन पुन्हा परत आलेले सैनिक होते.

आता शरीराची परीक्षा. भरतीच्या मैदानावर जाण्यापूर्वी ती घरीच घ्यावी, पण त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण निवृत्तीनंतर यांतले बरेच काही गुपचूप बदललेले असते. मग पाठीवर वजनाची सॅक घेऊन साताऱ्यात अजिंक्यतारा किंवा सांगलीकडे दंडोबाचा डोंगर चढावा आणि त्याच दमात उतरावा. चढताना छाती बोलते, पण गुडघ्याचा खरा निकाल उतरताना लागतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना. सपाट डांबरी रस्त्यावरचे पहाटेचे चालणे या बाबतीत फसवे असते. शेपमधील पहिले अक्षर मानसिक स्थितीचे आहे, हेही विसरू नये. जुन्या पोस्टिंगच्या आठवणींनी अजून रात्री जाग येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. बंदूक घेऊन रात्रपाळी करायची असेल तर झोपेचा प्रश्न झाकून चालणार नाही.

यानंतर घरच्यांशी बोलणे. हा भाग लोक सर्वांत शेवटी, निर्णय झाल्यावर आणि बातमी सांगितल्यासारखा उरकतात. माझ्या मते तो अर्ज भरण्याच्या आधी यायला हवा. ‘मी जाऊ का?’ असे विचारले तर पत्नी बहुधा ‘जा’ असेच म्हणेल, कारण आयुष्यभर तिने तेच म्हटले आहे. त्याऐवजी ‘मागच्या वेळी मी नव्हतो तेव्हा तुला एकटीला काय काय निभवावं लागलं?’ असे विचारावे आणि मधे न बोलता ऐकावे. ‘अहो, जायचं तर जा, पण या खेपेला सोसायटीच्या कर्जाची कागदं कुठं आहेत ते दाखवून जा’, असे साधे वाक्य त्या बोलण्यातून निघते आणि त्यात पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असतो. मुलांची दहावी-बारावी, आई-वडिलांचे आजारपण, भावकीतला बांधाचा वाद हे सारे याच बैठकीत समोर ठेवावे. शेतीचाही विचार पिकाप्रमाणे करावा. ऊस भावाच्या किंवा वाटेकऱ्याच्या भरवशावर सोडता येतो. तासगाव भागातली द्राक्षबाग तशी सोडता येत नाही, कारण ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगासाठी तासांचा हिशेब ठेवून फवारणी करावी लागते. बाग कोण पाहणार याचे नाव निश्चित नसेल, तर निर्णय झाला असे समजू नये.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँक खाते यांवरची नावे व जन्मतारखा जुळतात का ते पाहावे. विशेषतः पत्नीचे नाव रेकॉर्डमध्ये माहेरचे आणि आधारवर सासरचे असेल, तर दुरुस्ती आधी करून घ्यावी. वारसाची नोंद ताजी असावी. पुन्हा नोकरी लागल्यास पेन्शन देणाऱ्या यंत्रणेला ते कळवणे आवश्यक आहे, अन्यथा महागाई भत्त्याची वसुली मागे लागू शकते.

वय उलटलेल्यांनी किंवा विचारान्ती ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी आपला प्रश्न संपला असे मानू नये. मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सैनिक कल्याण मंडळामार्फत सुमारे ४,००० माजी सैनिक स्वयंसेवक महत्त्वाच्या ठिकाणांच्या राखणीसाठी पुढे आले. ते काम लढाईचे नव्हते, स्थानिक पोलिसांशी समन्वय ठेवून पहारा देण्याचे होते. आपल्याकडे कृष्णा-कोयनेच्या पुरात माजी सैनिकांचे असेच काम होऊ शकते. बोट, दोर, वायरलेस आणि माणसांची रांग लावणे या गोष्टी त्यांच्या हातात बसलेल्या असतात. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि तहसील कार्यालयाकडे आपले नाव, ट्रेड (फौजेतले काम), रक्तगट आणि फोन क्रमांक लेखी देऊन ठेवावा, आणि आपण काय करू शकणार नाही हेही त्याच कागदावर स्पष्ट लिहावे.

घेतलेला निर्णय तारीख घालून डिस्चार्ज बुकासोबत ठेवावा आणि दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना पुन्हा तपासावा, कारण एका वर्षात डीएससीसाठी मोजला जाणारा खंड दोन वर्षांच्या पुढे गेलेला असू शकतो, मुलीचे शिक्षण पूर्ण झालेले असू शकते किंवा वडिलांना आता कायम सोबतीची गरज लागलेली असू शकते.