साहेबांना दिवाळीचा खाऊ देताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून एक किलो मावा बर्फी घेतली, स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि ट्रॅफिकमधून वाट काढत बाणेर गाठलं. आमच्या मॅडम दुपारीच कोल्हापूरला गेल्या होत्या. डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून आलो. भाऊबीजेनंतर ऑफिसात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अरे, डबा मिळाला बरं का." चवीबद्दल एक अक्षर नाही. काय समजायचं ते समजलो.

म्हणजे पहिली चूक मिठाईची नाहीच, दिवसाची. अर्धं पुणं वसुबारसेलाच गावाकडे निघतं. साहेब कधी जाणार हे आधी काढून घ्या, मग दुकानात जा. खव्याची मिठाई फार तर दोन-चार दिवस टिकते. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावण्याचा नियम ऑक्टोबर 2020 मध्ये आला होता; आता सगळीकडे लावलेली असेलच असं नाही. असेल तर ती तारीख वाचा, नसेल तर विचारा आणि डबा तुमच्याकडे पडून राहणारे दिवस त्यातून वजा करा. डिकीतही नको. सीटखाली इंजिनाची धग लागते, बर्फीला तूप सुटतं, वर्ख कागदाला चिकटतो. पिशवी पुढच्या हुकला अडकवा.

दुसरी चूक म्हणजे काजू कतली. वाईट म्हणून नव्हे, सगळेच देतात म्हणून. त्या आठवड्यात साहेबांच्या फ्रीजमध्ये तिचे चार-पाच डबे एकावर एक बसलेले असतात, तुमचा सहावा. त्यापेक्षा घरचा फराळ द्या. थोडाच, पण नीट भरलेला.

नीट भरणं हीच खरी गोम. चकली तळून झाली की घाईघाईनं डब्यात भरतात, आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी चकली वातड. असं झालंच तर पुन्हा तळायला जाऊ नका, तेल पिते. ओव्हन 150 अंशांवर तापवून आठ-दहा मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मंद आचेवर हलवा. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. बाहेर काढल्या काढल्या मऊच लागते, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. सादळलेला चिवडाही कढईत असाच सुधारतो. पण चिवडा आणि पाकातले रव्याचे लाडू एका खोक्यात ठेवलेत तर लाडवाचा ओलावा चिवड्यात उतरणार, तेव्हा खोकी दोन करा. करंजी सुक्या खोबऱ्याची. ओल्या नारळाची एक-दोन दिवसांतच आंबते.

आणि घरात कुणी अनारसे करत असेल तर प्रश्नच मिटला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, दळून गुळात मळून ठेवायचं, एवढा खटाटोप हल्ली कोण करतो? फक्त तुपात हसलेले, म्हणजे तळताना फुटून पसरलेले अनारसे घरी संपवा, साबूत असलेले साहेबांना.

साहेबांच्या घरी काय चालतं, हे जेवणाच्या टेबलावर एकदा डब्यात डोकावलं की कळतं. जैन असतील तर लसणाचा चिवडा आणि बटाट्याचे वेफर्स बाद. अंडं चालत नसेल तर कॅम्पातल्या बेकरीची बिस्किटं घेण्यापूर्वी काउंटरवर विचारा. मधुमेह असेल तर 'शुगर फ्री' असं ठळक छापलेला डबा चारचौघांत हातात देऊ नका, मुकाट्यानं खारं द्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हा मात्र चेष्टेचा विषय नाही, त्याची सरळ चौकशी करा.

किमतीचं थोडक्यात. राज्य सरकारच्या कचेरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये भेटवस्तूंवर बंधनं आहेत. खासगी कंपनीत एचआरला विचारा. अप्रेझलचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर पडून असेल तर एकट्यानं काही देऊच नका. टीमनं मिळून एक डबा द्यावा, चिठ्ठीवर सगळ्यांची नावं, आणि नव्या ट्रेनी पोरांकडून वर्गणी वसूल करू नये.

एक चूक मी पुढच्या वर्षी केली. चकल्या दिल्या, दिवस बरोबर साधला, कुरकुरीतही होत्या; पण दिल्या आईच्या स्टीलच्या डब्यात. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मॅडमनी तो आठवडाभर लॅपटॉपच्या बॅगेत वागवला असावा, कारण मीटिंग संपल्यावर बॅगेतून काढून माझ्यापुढे ठेवला तेव्हा झाकणाला चार्जरची वायर गुंडाळली गेली होती. घरी येऊन उघडला. तळाशी चमचाभर साखर होती.